विश्लेषण : न घडलेली घटना ‘आठवते’ कशी?

‘एवढेसे पोर खोटे कशाला बोलेल?’ आणि ‘माझ्या डोळ्यांनी पाहिलेले मी कसे विसरेन?’ ही दोन वाक्ये घरात, पोलीस ठाण्यात आणि न्यायालयातही ऐकू येतात. बोलणारा ती प्रामाणिकपणेच बोलत असतो. पण खोटे बोलण्याचा जराही हेतू नसताना माणूस न घडलेली घटना तपशिलांसह आणि पूर्ण खात्रीने सांगू शकतो, हे गेल्या ५० वर्षांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. अशा आठवणी कशा तयार होतात, लहान मुलांमध्ये त्या लवकर का रुजतात आणि मोठी माणसेही त्यातून का सुटत नाहीत, याविषयी…

मॅकमार्टिन प्रकरण काय होते?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच या शहरात मॅकमार्टिन कुटुंबाची बालवाडी होती. १९८३ मध्ये एका आईने, तेथील शिक्षकाने आपल्या मुलावर लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार पोलिसांकडे केली. पोलिसांनी बालवाडीतील आजी-माजी मुलांच्या सुमारे २०० पालकांना पत्र पाठवले. पत्रात संशयिताचे नाव होते, कोणत्या प्रकारची कृत्ये घडली असावीत याची यादी होती आणि ‘आपल्या मुलांना विचारून पाहा’ असे आवाहनही होते. शहरभर भीती पसरली.

त्यानंतर शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. त्यांच्या चित्रफिती पुढे न्यायालयात दाखवण्यात आल्या. इतर मुलांनी आधीच सगळे सांगितले आहे असे मुलांना सांगितले जात होते, हवे ते उत्तर मिळाले की कौतुक होत होते आणि ‘नाही’ म्हटले की तोच प्रश्न पुन्हा येत होता. हळूहळू मुले शाळेखालच्या गुप्त बोगद्यांच्या आणि हवेत उडणाऱ्या माणसांच्या गोष्टी सांगू लागली. १९८४ मध्ये सात जणांवर आरोप ठेवण्यात आले. त्यातील पाच जणांवरचे आरोप १९८६ मध्ये मागे घेतले गेले. उरलेल्या दोघांचा खटला १९९० पर्यंत चालला आणि शेवटी कोणीही दोषी ठरले नाही. तोवर मुख्य आरोपीची सुमारे पाच वर्षे तुरुंगात गेली होती आणि सरकारी तिजोरीतून सुमारे दीड कोटी डॉलर खर्च झाले होते.

मुलांचे नुकसानही कमी नव्हते. आपल्याला मोठ्यांना हवे ते सांगावे लागले, अशी जाहीर कबुली एका माजी विद्यार्थ्याने २००५ मध्ये दिली. काही जण मात्र मोठेपणीही आपल्या आठवणींवर ठाम राहिले. या प्रकरणाने मानसशास्त्रज्ञांपुढे एक प्रश्न ठेवला : मुलाच्या तोंडून जे बाहेर आले, त्यातले त्याचे किती आणि विचारणाऱ्याचे किती?

मेंदू आठवण साठवतो कशी?

आठवण म्हणजे मेंदूत जपून ठेवलेली चित्रफीत, अशी सर्वसाधारण कल्पना असते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच तिला छेद दिला. त्यांनी केंब्रिजमधील लोकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने पुन्हा सांगायला लावली. प्रत्येक वेळी कथा आखूड होत गेली. अनोळखी गोष्टी गळल्या आणि त्यांच्या जागी वाचणाऱ्याच्या ओळखीच्या गोष्टी आल्या. मूळ कथेतील डोंगी कुणाच्या आठवणीत साधी होडी झाली. कोणी मुद्दाम बदल करत नव्हते. जे नीट आठवत नव्हते ते मेंदू आपल्या समजुतीप्रमाणे भरून काढत होता.

म्हणजे आठवण प्रत्येक वेळी नव्याने जुळवली जाते. घटनेचे काही तुकडे, नंतर ऐकलेले बोलणे, पाहिलेले फोटो आणि ‘असे असताना सहसा काय होते’ याची कल्पना, हे सगळे त्यात एकत्र येते. यातला कोणता तुकडा कुठून आला, याची नोंद मेंदू फारशी काटेकोर ठेवत नाही. मार्शा जॉन्सन यांच्या संशोधनाचा भर याच मुद्द्यावर आहे. माहिती लक्षात राहते, तिचा स्रोत मात्र पुसट होतो. ऐकलेली गोष्ट मग ‘पाहिलेली’ वाटू लागते.

आठवण काढणे हीसुद्धा तिला धक्का लावणारी क्रिया असते. उंदरांवरील २००० मधील प्रसिद्ध प्रयोगात करीम नादर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांना आढळले की, जुनी भीतीची आठवण जागी केल्यावर ती काही काळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते. या कच्च्या अवस्थेत तिच्यात बदल होऊ शकतो. वारंवार सांगितलेली आठवण अधिक पक्की वाटते, पण ती मूळ घटनेशी तितकीच जुळेल याची हमी नसते.

प्रश्नातील एका शब्दाने काय फरक पडतो?

या विषयातील सर्वाधिक गाजलेले नाव एलिझाबेथ लॉफ्टस यांचे. १९७४ मध्ये त्यांनी आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातील क्रियापद तेवढे बदलले होते. गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता, असे विचारल्यावर सरासरी उत्तर ताशी ३४ मैल आले. त्या एकमेकींवर ‘जोरात आदळल्या’ तेव्हा, असे विचारल्यावर ते ४०.८ मैलांवर गेले. चित्रफिती त्याच होत्या.

दुसऱ्या प्रयोगात १५० विद्यार्थ्यांना आठवड्याने विचारण्यात आले, ‘तुम्हाला फुटलेली काच दिसली का?’ चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. ज्यांनी आधी ‘आदळल्या’ हा शब्द ऐकला होता, त्या ५० पैकी १६ जणांना काच आठवली. ‘लागल्या’ ऐकलेल्या ५० पैकी सात जणांना, तर ज्यांना वेग विचारलाच नव्हता त्या ५० पैकी सहा जणांना. प्रश्न माहिती घेण्यासाठी विचारला होता, पण तो माहिती देऊनही गेला.

संपूर्ण प्रसंगच मनात पेरता येतो का?

एखादा तपशील बदलणे वेगळे आणि सबंध घटना निर्माण करणे वेगळे. १९९५ मध्ये लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणीचे चार प्रसंग वाचायला दिले. तीन खरे, घरच्यांनी सांगितलेले. चौथा रचलेला : वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास मॉलमध्ये हरवणे, रडणे आणि एका वृद्ध व्यक्तीने घरच्यांकडे पोहोचवणे. नंतरच्या मुलाखतींत २४ पैकी सहा जणांना, म्हणजे चौघांमागे एकाला, हा न घडलेला प्रसंग पूर्णपणे किंवा अंशतः आठवला. अवघ्या २४ जणांवरचा प्रयोग म्हणून त्यावर टीका झाली. मात्र २०२३ मध्ये आयर्लंडमधील संशोधकांनी १२३ जणांवर तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हे प्रमाण ३५ टक्के आले.

फोटोचा परिणाम आणखी मोठा असू शकतो. न्यूझीलंडमधील किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० जणांना त्यांचा बालपणीचा, गरम हवेच्या फुग्यात बसलेला फोटो दाखवला. फोटो बनावट होता, ते कधी फुग्यात बसलेच नव्हते. तरी दोन-तीन मुलाखतींनंतर निम्म्या जणांना त्या सफरीचे काही ना काही आठवले. तेव्हा असा फोटो बनवायला कसबी माणूस लागायचा. आज ते काम मोबाइलवर काही सेकंदांत होते.

संशोधनाची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. अशा आठ प्रयोगांतील नोंदी एकत्र करून २०१७ मध्ये केलेल्या विश्लेषणात सुमारे ३० टक्के लोकांमध्ये खोटी आठवण तयार झाल्याचे आढळले. आणखी २३ टक्के लोकांनी घटना घडली असावी एवढे मान्य केले. उरलेल्यांवर फारसा परिणाम झाला नाही. कोणाच्याही डोक्यात काहीही घालता येते, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. घटना शक्य कोटीतली असावी लागते, सांगणारा विश्वासातला असावा लागतो आणि ती पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणावी लागते.

घरात या तिन्ही गोष्टी एकत्र असतात. मुलांच्या विचारप्रक्रियेचा आयुष्यभर अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांना आपल्या अपहरणाचा प्रयत्न लख्ख आठवत असे. पॅरिसमधील शाँझेलिझे रस्ता, बाबागाडीत बांधलेला दोन वर्षांचा मुलगा, अपहरणकर्त्याशी झटापट करताना ओरखडे उठलेला दाईचा चेहरा. ते साधारण १५ वर्षांचे असताना त्या दाईचे पत्र आले. सगळा प्रसंग आपण रचला होता, असे तिने लिहिले आणि शौर्याबद्दल मिळालेले घड्याळ परत केले. लहानपणी ऐकलेली हकिगत पियाजेंच्या मनात दृश्य होऊन बसली होती.

लहान मुले यात लवकर का सापडतात?

याचे सविस्तर उत्तर कॉर्नेल विद्यापीठातील स्टीफन सेसी आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून मिळाले. मिशेल लाइक्टमन यांच्यासह केलेल्या, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ‘सॅम स्टोन’ नावाचा पाहुणा पाळणाघरात आला, दोन मिनिटे थांबला आणि गेला. त्याने कशालाही हात लावला नाही. काही मुलांना तो येण्याआधी अनेक आठवडे ‘सॅम फार वेंधळा आहे’ असे सांगण्यात आले होते. तो येऊन गेल्यावर ‘सॅमने पुस्तक फाडले तेव्हा त्याला राग आला होता का?’ या धर्तीचे प्रश्न १० आठवड्यांत चार वेळा विचारण्यात आले.

शेवटी वेगळ्याच व्यक्तीने विचारपूस केली. दोन्ही गोष्टी ऐकलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी ७२ टक्के मुलांनी सॅमने पुस्तक किंवा टेडी खराब केल्याचे सांगितले. ४४ टक्के मुले ‘मी स्वतः पाहिले’ म्हणाली. ‘खरेच का तू पाहिलेस?’ असे विचारल्यावरही २१ टक्के मुले ठाम राहिली. पाच-सहा वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण बरेच कमी होते. ज्यांना आधी काही सांगितले नव्हते आणि ज्यांना सूचक प्रश्नही विचारले नव्हते, त्या मुलांनी मात्र सॅमवर क्वचितच आळ घेतला.

सेसींच्या दुसऱ्या प्रयोगात कोणी काही खोटे सांगितलेही नव्हते. ‘तुझे बोट कधी उंदराच्या सापळ्यात अडकून दवाखान्यात जावे लागले होते का? नीट आठव’ असे मुलांना दर आठवड्याला विचारले जाई. सुमारे १० आठवड्यांनी निम्म्याहून अधिक मुलांनी अशा एका तरी न घडलेल्या प्रसंगाची हकिगत सांगितली. त्यांच्या मुलाखतींच्या चित्रफिती मुलांसोबत काम करणाऱ्या अनुभवी तज्ज्ञांना दाखवल्या, तेव्हा खरी हकिगत कोणती आणि खोटी कोणती हे त्यांनाही ओळखता आले नाही.

याची कारणे तीन. कल्पनेतले आणि प्रत्यक्षातले वेगळे काढण्याची मेंदूची क्षमता या वयात पूर्ण विकसित झालेली नसते. मोठ्यांना सगळे माहीत असते, असा मुलांचा विश्वास असतो. आणि तोच प्रश्न पुन्हा आला की पहिले उत्तर चुकले, असा अर्थ मूल काढते. शाळेत आणि घरात त्याला तसाच अनुभव आलेला असतो. त्यात शाबासकीची भर पडली की काय होते, हे १९९८ मध्ये सीना गार्व्हन आणि सहकाऱ्यांनी तपासले. मॅकमार्टिन प्रकरणातील मुलाखतींची पद्धत त्यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर एका निरुपद्रवी पाहुण्याविषयी वापरली. नुसत्या सूचक प्रश्नांना मुलांनी १७ टक्के वेळा खोटा होकार दिला. कौतुक, नापसंती आणि ‘बाकीच्यांनी सांगितले’ हा दबाव जोडल्यावर हे प्रमाण ५८ टक्क्यांवर गेले. मुलाखती जेमतेम पाच मिनिटांच्या होत्या.

मोठी माणसे सुरक्षित असतात का?

नाही, आणि एका बाबतीत ती मुलांपेक्षाही अधिक चुकतात. उशी, पांघरूण, जांभई, स्वप्न, घोरणे, रात्र, अंथरूण, डुलकी ही यादी वाचून थोड्या वेळाने आठवायला सांगितली, तर अनेक जण ‘झोप’ हा शब्दही त्यात होता असे सांगतात. तो यादीत नाही. हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये अशा याद्या वापरल्या, तेव्हा पहिल्याच प्रयोगात न वाचलेला शब्द ४० टक्के वेळा ‘आठवला’. चार्ल्स ब्रेनर्ड आणि व्हॅलेरी रेना यांच्या अभ्यासात ही चूक वयानुसार वाढत जाते असे आढळले. मोठ्यांचा मेंदू शब्दांमागचा अर्थ पटकन पकडतो आणि मग अर्थालाच आठवण समजतो. लहान मुलाला तो धागा तितका दिसत नाही, म्हणून ते या सापळ्यातून सुटते.

धक्कादायक घटना तरी अचूक लक्षात राहत असेल, असे वाटते. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ अंतराळयानाचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नाइसर यांनी अमेरिकेतील एमोरी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून ‘ही बातमी कुठे, कशी कळली’ हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. अवघ्या तिघांची उत्तरे पूर्ण जुळली. ११ जणांचे मुख्य तपशील सगळेच चुकले. तरीही बहुतेकांना आपल्या आठवणीची दांडगी खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातील कागद पुढे ठेवल्यावरही मूळ आठवण परत आली नाही.

खात्री हा पुरावा का मानता येत नाही?

१९८४ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात बलात्कार झालेल्या एका विद्यार्थिनीने हल्लेखोराचा चेहरा मुद्दाम निरखून ठेवला होता. तिने आधी फोटोंमधून आणि नंतर ओळख परेडमध्ये रोनाल्ड कॉटन यांना ओळखले. फोटोत निवडलेला हाच तो माणूस, असे पोलिसांनी तिला सांगितले आणि तिची शंका मिटली. पुढे न्यायालयात खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणण्यात आला, तेव्हा तिला तो अनोळखी वाटला. कॉटन यांचा चेहरा तोवर तिच्या आठवणीत जाऊन बसला होता. सुमारे साडेदहा वर्षांच्या तुरुंगवासानंतर १९९५ मध्ये डीएनए चाचणीने त्यांना निर्दोष ठरवले. ती खोटे बोलत नव्हती. तिच्यावरचा अत्याचार खरा होता, फक्त चेहरा चुकला होता.

‘बरोबर ओळखलेत’ एवढे एक वाक्य साक्षीदाराची खात्री वाढवते, हे गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये दाखवले. इतकेच नव्हे, तर ‘मी सुरुवातीपासूनच ठाम होतो’ असेही साक्षीदाराला वाटू लागते. म्हणून पहिल्या ओळखीच्या क्षणी साक्षीदार किती ठाम होता याची नोंद तिथेच करून ठेवणे महत्त्वाचे ठरते. वर्षांनंतर न्यायालयातील ठामपणा तेवढा उपयोगाचा नसतो.

मग मुलांवर विश्वास ठेवायचा नाही का?

संशोधनाचा अर्थ तसा नाही आणि तो तसा लावणे धोक्याचे आहे. बहुतेक खरे अत्याचार बंद दाराआड घडतात आणि मुलाचे बोलणे हाच अनेकदा एकमेव पुरावा असतो. खोट्या आठवणींचे नाव पुढे करून खरे बोलणाऱ्या मुलाला गप्प करणे हा मॅकमार्टिन प्रकरणाइतकाच मोठा अन्याय ठरेल.

प्रयोगांतून सारखी पुढे येणारी बाब दिलासा देणारी आहे. मुलाला मोकळा प्रश्न विचारला आणि त्याला त्याच्या गतीने बोलू दिले, तर लहान मूलही थोडे सांगते, पण जे सांगते ते बरेचसे अचूक असते. याच आधारावर मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या मुलाखतीची एक आखीव पद्धत तयार केली. ‘माहीत नाही’ असे म्हटले तरी चालेल आणि माझे चुकले तर मला सांग, हे त्यात मुलाला आधीच सांगितले जाते. मग ‘काय झाले ते सगळे सांग’ आणि ‘पुढे काय झाले?’ असेच प्रश्न येतात. हो-नाही उत्तराचे प्रश्न शेवटी, अगदी गरज असली तरच विचारायचे.

भारतातील कायदा काय सांगतो?

भारतात साक्षीदारासाठी किमान वयाची अट नाही. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता येणारे मूल साक्ष देऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाला सूचक प्रश्न विचारण्यावर मर्यादा आहेत, उलटतपासणीत मात्र त्यांना मुभा आहे. मूल इतरांच्या सांगण्याने प्रभावित होऊ शकते, म्हणून त्याची साक्ष अधिक काळजीपूर्वक पारखावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये पंछी विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या निकालात म्हटले होते. साक्षीदार मूल आहे एवढ्या कारणावरून साक्ष फेटाळता येत नाही, हेही त्यात स्पष्ट केले होते.

लैंगिक अत्याचारांबाबत २०१२ चा पोक्सो कायदा पुढे जातो. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय घ्यायचा आहे. विशेष न्यायालयात वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलावू नये आणि न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत त्याची साक्ष नोंदवावी, अशीही तरतूद आहे. उशीर आणि तोच तो प्रश्न, आठवण बिघडवणाऱ्या या दोन गोष्टींनाच कायद्याने आवर घातला आहे.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

कायद्याचे हे संरक्षण सुरू होण्याआधीच मुलाशी आई, आजी, शेजारी, शिक्षक असे अनेक जण बोललेले असतात. काळजीपोटी विचारलेला ‘त्या काकांनी तुला हात लावला का? खरे सांग’ हा प्रश्न उत्तरही देतो आणि नावही. आरोप खरा असला, तरी नंतर बचाव पक्ष याच प्रश्नाकडे बोट दाखवून मूल पढवलेले आहे असे म्हणू शकतो.

मुलाने स्वतःहून काही सांगितले, तर शांतपणे ऐकून घ्यावे. ‘काय झाले ते सांग’ आणि ‘मग?’ एवढेच विचारावे. नाव, जागा किंवा कृती आपल्या तोंडून आधी येऊ देऊ नये. मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. नातेवाइकांसमोर त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये. अत्याचाराची शंका असेल तर पुढची चौकशी स्वतः न करता १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा पोलिसांकडे जावे. मूल पहिल्यांदा बोलते तेव्हाची त्याची आठवण सर्वांत कमी हाताळलेली असते, आणि ती तशी राहील की नाही हे समोरच्या मोठ्या माणसाच्या पहिल्या प्रश्नावर ठरते.